सुभेदारीणबाईंची कॉट

माईंना कुणी कंजूष म्हटलं की मला अजूनही राग येतो. पैसा वाचवणं आणि कंजूषपणा करणं यांतला फरक मी त्यांच्याकडे शिकले, आणि तोही बोलणी खात खात शिकले.

आष्ट्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशीच त्यांचं घर. नवरा फौजेतून सुभेदार होऊन परत आलेला, म्हणून गाव त्यांना सुभेदारीणबाई म्हणायचं आणि गल्ली माई म्हणायची. खरं नाव रेशनकार्डावर होतं, ते तिथंच राहिलं. उंच, हाडापेरानं दणकट बाई. उसाच्या फडात हाका मारायची सवय असल्यामुळे देवघरात आरती म्हणतानाही आवाजाची पट्टी तीच. त्यांच्या घरात गुपित म्हणून काही नव्हतं, कारण त्यांनी कुजबुजलेलं चौथ्या घरात ऐकू जायचं.

पैशाला कमी नव्हती. ऊस होता, सुभेदारांच्या माघारी त्यांची पेन्शन होती, मुलगा विजय पुण्यात चांगल्या नोकरीवर होता. लग्नाकार्यात, जत्रेत कुणी हात सैल सोडला तर माई म्हणायच्या, "जाऊ दे की, चार माणसं जेवली." पण तोच पैसा दवाखान्यात उगाच गेला की त्यांच्या जिवाला लागायचा. "हितं कोण जेवलं सांग मला," असं त्या विचारायच्या.

माझी त्यांची खरी ओळख झाली ती सासरे मोरीत घसरले तेव्हा. मी लग्न होऊन आष्ट्यात आले त्याला वर्षही झालं नव्हतं. सासऱ्यांच्या पायाला प्लास्टर घातलेलं, आणि मी नि माझे मिस्टर स्कूटरवरून सांगलीला निघालो होतो. गल्लीच्या तोंडाशी माई आडव्या उभ्या राहिल्या. मिस्टरांनी ब्रेक दाबला नसता तर त्यांच्याच पायाला प्लास्टर घालावं लागलं असतं.

"कुठं निघालाय दोघं?"

"वॉकर आणायला. आणि ती कमोडची खुर्ची."

"इकत?"

"मग काय, माई? फुकट कोण देणार?"

"उतरा खाली," त्या म्हणाल्या.

म्हशी विकल्यापासून त्यांचा गोठा रिकामा होता. म्हणजे मला तसं वाटत होतं. आत गेले तर दावणीच्या वर आडवा बांबू बांधलेला, आणि त्याला वॉकर, कुबड्या, काठ्या ओळीनं टांगलेल्या. खाली चाकांची खुर्ची, कमोडची खुर्ची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून वापरतात ती हवेची गादी, लहान पोरांना वाफ द्यायचं मशीन. सगळं धुतलेलं, पुसलेलं. जिथं शेणाचा वास असायचा तिथं फिनेलचा वास.

हे सगळं गल्लीचंच होतं. कुणीतरी आजारी पडलेलं, घाबरून विकत आणलेलं, महिना दोन महिने वापरलेलं आणि मग माळ्यावर टाकलेलं. माई घरोघर जाऊन ते उतरवून आणायच्या. "तुमच्या माळ्यावर गंजतंय, शेजारचा तेच नवं घ्यायला सांगलीला पळतोय. ही कुठली रीत?" असं म्हणत त्या शिडी स्वतः लावायच्या. देताना एक पैसा घ्यायच्या नाहीत. अट एकच, परत आणताना धुऊन आणायचं.

मी वॉकर उतरवला, खुर्ची उचलली. तेवढ्यात कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी मोठं दिसलं. "आणि ते काय आहे?" मी विचारलं. आमच्या मागोमाग गोठ्यात आलेल्या सासूबाईंनी मला असा चिमटा काढला की दंड दोन दिवस हिरवा होता.

ती सुभेदारांची कॉट होती. दवाखान्यात असते तशी लोखंडी. पायथ्याशी दांडा फिरवला की डोक्याकडची बाजू वर येते आणि आजारी माणसाला बसतं करता येतं. सुभेदारांना अर्धांगवायू झाला तेव्हा विजयनं पुण्याहून पाठवलेली. काही महिन्यांत सुभेदार त्याच कॉटवर गेले. माई म्हणायच्या, "मानूस गेला आणि एवढं महागाचं लोखंड ऱ्हायलं. तवाच माझ्या डोक्यात शिरलं की ह्याचं कायतरी केलं पायजे." गोठ्यातलं हे सगळं प्रकरण त्या कॉटपासून सुरू झालं होतं, आणि नेमकी तीच कॉट कुणी नेत नव्हतं.

कारण आमच्याकडची समजूत. बऱ्या झालेल्या माणसाची वस्तू लोक आनंदानं नेतात, वर ती लाभते असंही म्हणतात. गेलेल्या माणसाचं अंथरूण मात्र घरात ठेवत नाहीत. त्याची गादी, उशी, सगळं गावाबाहेर नेऊन टाकतात. त्यामुळे माईंच्या गोठ्यात येणारा प्रत्येक जण हात लावायच्या आधी विचारायचा, "कुणाचं हाय हे? बरा झाला का त्यो मानूस?" आणि माई खरं ते सांगायच्या. बरा झाला असेल तर झाला, मेला असेल तर मेला.

"माई, नुसतं बरा झाला म्हणून सांगून टाका ना," मी एकदा म्हटलं. "कोण बघायला जातंय?"

"खोटं बोलून खपवायला मी काय दुकान मांडलंय व्हय?" त्या उसळल्या. "उद्या कळलं तर ते वॉकरला बी हात लावायचं न्हाईत."

पुढे सासऱ्यांना कॉटची गरज लागलीच. सासूबाईंनी सांगलीहून महिन्याच्या भाड्यानं मागवली. ती टेंपोतून उतरताना माई कमरेवर हात ठेवून बघत उभ्या होत्या.

"आक्का, ही भाड्याची हाय न्हवं?"

"व्हय."

"मग ह्याच्यावर आजवर काय नवरदेव झोपलं असतील? का त्यांची वरातच निघाली हितनं?"

सासूबाई त्यांच्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. पण भाड्याची कॉट तशीच राहिली, कारण तिच्यावर कोण गेलं ते आम्हाला माहीत नव्हतं आणि सुभेदारांना मात्र सगळे ओळखत होते. आमच्या गल्लीचा हिशेब असा होता.

माईंची दुसरी सवय म्हणजे दवाखान्यात सोबत जाणं. कुणीही बोलवावं, त्या इस्त्रीचं लुगडं नेसून तयार. सासूबाईंना घेरी यायला लागली तेव्हा, नुकताच अबोला सुटलेला असूनही, माईच आमच्याबरोबर सांगलीला आल्या. काखेत उशीचा अभ्रा, गच्च भरलेला. मला वाटलं दशम्या असतील.

डॉक्टर तरुण होते, बाहेर गर्दी होती. त्यांनी तपासलं आणि मेंदूचा फोटो काढून घ्यावा लागेल असं म्हणत पेन उचललं. माईंनी अभ्रा त्यांच्या टेबलावर उपडा केला. आमच्या घरातल्या सगळ्या गोळ्या, बाटल्या, मलमं. त्यांनी सकाळी आमची कपाटं, फळ्या, सासूबाईंची उशाखालची पिशवी, सगळं झाडून आणलं होतं.

"हे काय?" डॉक्टरांच्या कपाळावर आठी.

"हिच्या पोटात काय काय जातंय ते. हिला सांगता येत न्हाई. मला नावं वाचता येत्यात, पण कळत न्हाईत. कळायचं काम तुमचं, डाक्टर."

डॉक्टरांनी एक पाकीट उचललं, मग दुसरं. दोन्ही शेजारी ठेवली आणि त्यांची आठी गेली. "हे तुम्हाला कुणी दिलं?" त्यांनी सासूबाईंना विचारलं. एक आष्ट्याच्या डॉक्टरांनी दिलेलं, एक त्या नणंदेकडे कोल्हापूरला गेल्या होत्या तिथल्या डॉक्टरांनी. नावं वेगळी होती, औषध एकच. रक्तदाब उतरवायची गोळी सासूबाई दुप्पट घेत होत्या आणि मग घेरी येते म्हणून रडत होत्या. डॉक्टर हसले. म्हणाले, "आधी ही एक बंद करू. आठवड्यानं या. फोटोचं मग बघू." निघताना माईंनी आणखी एक विचारलंच, "आणि ऱ्हायलेली गोळी स्वस्तातली चालंल का? चालत असंल तर तशी लिवा. न्हाई म्हणला तर म्हागाची घेऊ, तक्रार न्हाई."

घेरी थांबली. फोटो काढावाच लागला नाही. त्या दिवशी बाहेर पडल्यावर माईंनी आम्हाला भडंग घ्यायला लावलं आणि सासूबाईंच्या ओंजळीत ओतत म्हणाल्या, "खा. हे मातूर पोटात जाऊ दे."

पण औषधात काटकसर केलेली त्यांना खपायची नाही. आमच्या गल्लीत अण्णा चौगुल्यांचं किराणा दुकान आहे. अण्णा तोलूनमापून जगणारे गृहस्थ. साखरेची गोळी ते दिवसाआड घेऊ लागले, महिन्याचं पाकीट दोन महिने पुरतं म्हणून खुशीत होते. हे माईंच्या कानावर गेलं. भर दुकानात, गिऱ्हाईकांसमोर त्यांनी अण्णांना धरलं.

"आवं अण्णा, ट्रॅक्टरमध्ये तेल दिसाआड घालता व्हय?"

"नाही ओ माई, पण बरं वाटतंय म्हणून..."

"गोळी घेतलीया म्हणून बरं वाटतंय! पाय कापायची पाळी आली म्हंजी कितीला पडंल ते इचारा जावा मिरजंला. तुमाला वाचवायचंय का उधळायचंय?"

अण्णा त्या दिवसापासून गोळी वेळेवर घ्यायला लागले. मिरजेपेक्षा त्यांना माईंची भीती जास्त.

अशी ही बाई एका सकाळी आपल्याच गोठ्यात पडली. फरशी धुताना पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला ऑपरेशन झालं. विजय पुण्याहून आला, आणि ॲम्ब्युलन्समधून माईंना घरी आणायच्या आदल्या दिवशी नवी कॉट मागवतो म्हणाला. माईंनी दवाखान्याच्या पलंगावरून हुकूम सोडला, "गोठ्यातली काढा."

"आई, बाबा त्यावर..."

"म्हायती हाय मला. मीच हुते न्हवं शेजारी."

ताडपत्री निघाली. गल्लीतले चार जण आले, पण कॉटला हात लावायला कचरत होते. शेवटी विजयनं आणि माझ्या मिस्टरांनी ती धुतली, दांड्याला तेल घातलं आणि माजघरात आणली. माई तिच्यावर आडव्या झाल्या, आणि सगळी गल्ली श्वास रोखून बसली.

हे मी उगाच वाढवून सांगत नाही. रोज कुणी ना कुणी काहीतरी निमित्तानं यायचं. कुणी आंबील घेऊन, कुणी विरजण मागायला. दारातनं कॉटकडे बघायचं आणि जायचं. सासूबाई तर उघड म्हणाल्या, "बाईनं जिद्दीपायी जीव घालवला बघ." माईंना हे सगळं कळत होतं. मला म्हणाल्या, "ही बघाय येत्यात ती मला न्हाई, खाटंला. मी उठले तर ही खाट गल्लीची. मी मेले तर भंगारात. आणि खाटच काय, गोठ्यातल्या कशालाच कोण शिवायचं न्हाई मग. म्हणून मला उठायला लागतंय."

त्या उठायचं मनावर घेऊन कामालाच लागल्या. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. ती दहा वेळा पाय उचला म्हणाली की माई तिच्याकडूनच करून घ्यायच्या आधी, मग स्वतः करायच्या, दुखलं की सुभेदारांनी शिकवलेल्या हिंदी शिव्या द्यायच्या. ती मुलगी पहिल्या दिवशी घाबरली, नंतर शिव्या ऐकायला लवकर यायला लागली.

आणि मग ताप आला. लघवीत जंतू झाले होते. माई ग्लानीत गेल्या, दोन दिवस त्यांचा आवाज शेजारच्या खोलीतही ऐकू येईना. गल्लीनं काय ठरवायचं ते ठरवून टाकलं. मी उशाशी बसले होते तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"सुजा, मरायचं मला भ्या न्हाई गं," त्या म्हणाल्या. "पर हितं न्हाई. जास्त झालं तर मला खाली जमिनीवर घ्या. इज्याला सांगून ठेव."

मला तेव्हा रडू फुटलं. ज्या समजुतीला ही बाई जन्मभर हसली, तिच्यापुढं त्या घाबरल्या आहेत असं मला वाटलं. पण त्या स्वतःसाठी घाबरल्या नव्हत्या. औषधं लागू पडली, ताप उतरला, आणि चौथ्या दिवशी त्यांनी इतक्या जोरात चहा मागितला की समोरच्या घरातून चहा आला.

पुढं एका सकाळी त्या वॉकर घेऊन उंबऱ्याबाहेर पडल्या. हळूहळू, पण कुणाचा हात न घेता, गल्ली ओलांडून मारुतीच्या देवळापर्यंत गेल्या. अण्णा चौगुले तागडी हातात धरून दुकानाबाहेर आले. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि मग माझ्यावर खेकसल्या, "बघत काय ऱ्हायलीस, खुर्ची ने जा की पुढं!" परत येताना माई आमच्या दारात थांबल्या. "आक्का," त्या म्हणाल्या, "खाट धुऊन ठेवलीया."

त्यानंतर ती कॉट कधी गोठ्यात फार दिवस राहिली नाही. अण्णांच्या आईकडे गेली, मग खालच्या गल्लीत, मग वाळव्याला कुणाच्या पाहुण्यांकडे. "कुणाची हाय?" म्हणून विचारलं की लोकच सांगायचे, "सुभेदारीणबाईंची. उठून चालायला लागल्या की त्या." सुभेदारांचं नाव त्यातून गळून गेलं. माईंनी ते कधी दुरुस्त केलं नाही, पण हा प्रश्न कुणी त्यांना स्वतःला विचारला की त्या आधी सुभेदारांचं सांगायच्या आणि मग आपलं.

माई जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांचं हृदय थकलं होतं. पायांना सूज, आडवं झालं की धाप. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की दवाखान्यात ठेवून फार काही हाती लागणार नाही, डोकं उंच ठेवा, गोळ्या चालू ठेवा. कॉट त्यांच्याकडेच होती तेव्हा. डोक्याकडची बाजू उचलली की त्यांना जरा श्वास पुरायचा.

औंधकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. त्याची आई पडली होती, खुबाच मोडला होता. कुठून तरी माईंच्या कॉटचं त्याच्या कानावर गेलं होतं. मी म्हणणार होते की ती वापरात आहे. माईंनी हात पुढं केला, फोन घेतला आणि सांगितलं, "उद्या या टेंपो घिऊन."

विजय चिडला, मी चिडले. तुम्हाला तिच्याशिवाय झोप लागत नाही, आम्ही म्हटलं.

"उशा लावा," त्या म्हणाल्या. मग धाप जिरवून म्हणाल्या, "मी ह्याच्यावर गेले तर ती पुन्ना कुणाच्या दारात जायची न्हाई. एवढं चाललंय ते माझ्यामुळं थांबाय नगं."

त्या पुढच्याच आठवड्यात गेल्या, आपल्या जुन्या लाकडी पलंगावर, उशांच्या ढिगाला टेकून. पण मला आठवतात त्या टेंपो आला त्या दुपारच्या.

सकाळीच त्यांनी माझ्याकडून वेणी घालून घेतली. इस्त्रीचं लुगडं नेसवायला लावलं, सुजलेले पाय निऱ्यांखाली झाकून घेतले आणि सोप्यात दाराशी खुर्चीत बसल्या. पाठ टेकली नाही. तो माणूस आला, चाळिशीचा, रापलेला, चेहऱ्यावर आईची काळजी. विजयनं आणि ड्रायव्हरनं कॉट बाहेर काढली. माई खणखणीत आवाजात सांगत होत्या, "चाकं आधी! कठड्याला लागंल, जरा बेतानं!" प्रत्येक वाक्यानंतर त्या ओठ मिटून घेत होत्या, धाप दिसू नये म्हणून. मी मागं उभी होते, मला त्यांची पाठ थरथरताना दिसत होती.

त्या माणसानं चहा घेतला. कप खाली ठेवला आणि विचारलंच, "माई, मानूस बरं झालं न्हवं, ही वापरनारं?"

मी माईंकडे बघितलं. सुभेदारांचं नाव आता येणार, मला वाटलं.

"मीच की ती," माई म्हणाल्या. "बग की, कशी हाय ठणठणीत."

त्यानं त्यांच्याकडे बघितलं, वेणीकडे, ताठ पाठीकडे, आणि त्याचा चेहरा एकदम सैल झाला. त्यानं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. "तुमच्यावानी माझी आई उठू दे, माई."

"उठंल. व्यायाम चुकवू दिऊ नगंस. रडली तरी."

टेंपो सुरू झाला. त्यानं खिडकीतून हात केला, माईंनीही हात वर केला आणि तो वरच ठेवला. टेंपो मारुतीच्या देवळापाशी वळून दिसेनासा झाला, तेव्हा त्यांचा हात खाली आला आणि माझ्या बाजूला चाचपू लागला.

"गेला का?"

"गेला, माई."

"मग आता धर मला."